पनवेलची संस्था, अलिबागची सुई आणि प्रकाशाचा नियम

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामचे वारे वाहू लागले आणि कुलाबा वेधशाळेपुढे संकट उभे राहिले. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने ते दूषित झाले असते.

२/ संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी अलिबागची निवड केली. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेशी जुळावी. १९०७ मध्ये ट्राम धावली. नोंद मात्र खंडली नाही.

३/ या नोंदींत एक कोडे होते. शांत दिवशीही चुंबकसुई सूर्याबरोबर किंचित हलते आणि रात्री जवळजवळ स्थिरावते. उंच वातावरणात विद्युतप्रवाह वाहत असावेत, असे बाल्फोर स्ट्युअर्ट यांनी १८८२ मध्ये सुचवले. पण हवा तर विजेची दुर्वाहक!

४/ उत्तराची किल्ली प्रयोगशाळेत होती. प्रकाशविद्युत परिणाम हर्ट्झ यांना १८८७ मध्ये दिसला. प्रकाश तीव्र केला की धातूतून सुटणारे इलेक्ट्रॉन संख्येने वाढतात, पण त्यांची ऊर्जा वाढत नाही, हे लेनार्ड यांनी १९०२ मध्ये दाखवले.

५/ १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी कारण सांगितले. प्रकाशाची ऊर्जा पुंजांनी येते आणि प्रत्येक पुंजाची ऊर्जा वारंवारतेवर ठरते. विहिरीचे पाणी आठ हात खोल असेल, तर सहा हातांचे शंभर दोर सोडूनही पोहरा कोरडाच राहतो. दोराची लांबी म्हणजे वारंवारता. दोरांची संख्या म्हणजे तीव्रता.

६/ वातावरणात धातूच्या जागी वायूचे रेणू असतात. या क्रियेला प्रकाश-आयनीकरण म्हणतात. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सोडवण्यास सुमारे १२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. दृश्य प्रकाशाच्या पुंजात जेमतेम ३ असतात. म्हणून लख्ख ऊनही येथे निष्प्रभ ठरते. हे काम सूर्याचे अतिनील व क्ष-किरण करतात. सुमारे १०० किलोमीटर उंचीवरची हवा त्यामुळे दिवसा वीजवाहक बनते.

७/ तीव्रतेचा वाटाही नोंदींत उमटतो. सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात सौरडाग वाढले की हे किरण वाढतात, अधिक इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुईचा रोजचा झोका मोठा होतो. तो ओळखायला अनेक चक्रांची अखंड नोंद हवी. मूस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १८४६ ते १९०५ अशी साठ वर्षांची नोंद होती.

८/ १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे आणि अलिबागची वेधशाळा तिच्याच अखत्यारीत चालते. इलेक्ट्रॉन सुटेल की नाही, हे वारंवारता ठरवते. किती सुटतील, हे तीव्रता. ट्रामपासून वाचवलेल्या त्या नोंदींत हे दोन्ही आजही वाचता येते.