प्रचार ओळखायला शिकवणारी संस्था आणि तिच्या सात युक्त्या

१९३९ साली अमेरिकेत एक पुस्तक आलं. त्यात एका पाद्र्याची रेडिओवरची भाषणं छापली होती आणि वाक्यांच्या मध्ये मध्ये छोटी छोटी चित्रं टाकली होती. कुठे खाली वळलेला अंगठा, कुठे हिरा, कुठे मुखवटा, कुठे जुना बूट, कुठे पत्त्यातला एक्का. आज आपण मेसेजमध्ये इमोजी टाकतो तसंच ते दिसतं. फक्त ही चित्रं भाषण करणाऱ्याने टाकलेली नव्हती, भाषण तपासणाऱ्यांनी टाकली होती. एकेका चित्राचा अर्थ ठरलेला होता: ऐकणाऱ्याला आपल्या बाजूला वळवण्यासाठी इथे अमुक युक्ती वापरली आहे.

पाद्र्याचं नाव चार्ल्स कफलिन. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक गावातून ते बोलायचे आणि १९३०च्या दशकात कोट्यवधी लोक त्यांचं भाषण ऐकायला रेडिओला कान लावून बसायचे. दशकाच्या शेवटी त्यांची भाषणं उघडपणे ज्यूविरोधी झाली होती. त्यांची चिरफाड करणारं हे पुस्तक आल्फ्रेड ली आणि एलिझाबेथ ली या जोडप्याने लिहिलं होतं आणि ते काढलं होतं न्यूयॉर्कच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिस’ या संस्थेने. शाळा-कॉलेजातल्या मुलांना प्रचार ओळखायला शिकवायचं, हेच या संस्थेचं काम. संस्था जेमतेम चार-साडेचार वर्षं चालली. पण तिने सांगितलेल्या सात युक्त्या आजही जगभरातल्या वर्गांत शिकवल्या जातात.

मुळात ‘प्रोपगंडा’ हा शब्द आला कुठून?

हा शब्द चर्चमधला आहे. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसाराची देखरेख करण्यासाठी रोममध्ये एक मंडळ नेमलं. त्याच्या लॅटिन नावात ‘प्रोपगंडा’ हा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता ‘ज्याचा प्रसार करायचा ते’. त्यात वाईट काही नव्हतं. आपल्याकडच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना हा शब्द वेगळ्याच कारणाने माहीत असतो. गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखालची पोर्तुगीज व्यवस्था म्हणजे ‘पाद्रोआदो’ आणि थेट रोमच्या हाताखालची ती ‘प्रोपगंडा’. मुंबईतली चर्चेस कोणाच्या ताब्यात असावीत यावरून अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात या दोघांमध्ये मोठी भांडणं झाली.

शब्दाला वाईट वास आला तो पहिल्या महायुद्धात. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि लगेच सरकारने जॉर्ज क्रील या पत्रकाराच्या हाताखाली एक माहिती समिती स्थापन केली. पोस्टर, सिनेमा, पत्रकं सगळं होतंच, पण समितीची सगळ्यात हुशार कल्पना म्हणजे ‘फोर मिनिट मेन’. सिनेमागृहात रीळ बदलायला साधारण चार मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात गावातलाच एखादा ओळखीचा माणूस उठून युद्धाच्या बाजूने भाषण ठोकायचा. असे सुमारे ७५ हजार स्वयंसेवक होते. आज रील्सच्या मध्ये जाहिरात येते, त्याचा हा आजोबाच म्हणायचा.

युद्ध संपल्यावर लोकांना कळलं की आपल्याला सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी फुगवलेल्या किंवा साफ खोट्या होत्या. १९२२ मध्ये वॉल्टर लिपमन यांनी ‘पब्लिक ओपिनियन’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा होता की माणूस प्रत्यक्ष जगाला नाही, तर डोक्यात तयार झालेल्या जगाच्या चित्राला प्रतिसाद देतो. आणि हे चित्र दुसरं कोणीतरी रंगवू शकतं. एडवर्ड बर्नेज यांच्यासारख्या लोकांनी तर याचाच धंदा केला आणि १९२८ मध्ये ‘प्रोपगंडा’ याच नावाचं पुस्तक लिहून ते उजळ माथ्याने सांगितलंही.

वार्ताहर ते शिक्षक

संस्थेच्या मागे क्लाइड मिलर नावाचा माणूस होता आणि त्यांची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे.

जून १९१८. मिलर तेव्हा क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ या वृत्तपत्राचे वार्ताहर होते. समाजवादी नेते युजीन डेब्ज यांनी ओहायोतल्या कँटन शहरात युद्धाच्या विरोधात भाषण केलं. मिलर तिथे हजर होते. या भाषणावरून डेब्ज यांच्यावर खटला भरला गेला आणि मिलर यांनी सरकारी पक्षाच्या बाजूने साक्ष दिली. डेब्जना दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२१च्या नाताळात राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी त्यांची सुटका केली. पण त्याआधीच मिलर यांचं मत बदललं होतं आणि डेब्ज यांना सोडावं असं ते म्हणू लागले होते.

म्हणजे प्रचारात माणूस कसा वाहवत जातो हे या माणसाने बाहेरून पाहिलेलं नव्हतं, तो स्वतःच वाहून गेला होता. पुढे ते कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये शिकवू लागले. बोस्टनचे दुकानदार एडवर्ड फाइलीन यांनी संस्थेसाठी पैसे दिले. (हेच फाइलीन १९०७ मध्ये भारतात आले होते आणि इथल्या खेड्यांतल्या सहकारी पतपेढ्या पाहून प्रभावित झाले होते. अमेरिकेत पतसंस्थांची चळवळ रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.) १९३७च्या शरद ऋतूत संस्था सुरू झाली आणि नोव्हेंबरच्या अंकात तिने सात युक्त्यांची यादी छापली.

सात युक्त्या

पहिली, शिक्का मारणं. मुद्द्याला उत्तर द्यायचंच नाही, माणसाला नाव ठेवून मोकळं व्हायचं. मराठी फेसबुकवर ‘अंधभक्त’ आणि ‘चमचा’ हे दोन शब्द किती वाद मिटवतात, म्हणजे सुरूच होऊ देत नाहीत, ते आठवा. खाली वळलेला अंगठा ही याची खूण.

दुसरी याच्या उलट: चमकदार शब्द. विकास, अस्मिता, संस्कृती, परिवर्तन. ऐकायला छान, विरोध कोण करणार? पण नेमकं काय करणार, किती खर्चात, कधीपर्यंत, हे विचारलं की हिरा काचेचा निघतो.

तिसरी उसन्या प्रतिष्ठेची. झेंडा, देवाचा फोटो, महापुरुषाचा पुतळा मागे ठेवायचा आणि पुढे स्वतः उभं राहायचं. चौथी मोठ्या नावाच्या साक्षीची. ‘युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं’ हा मेसेज तुम्हालाही कधीतरी आला असेलच. युनेस्कोने असं काही केलेलं नाही आणि तसा खुलासाही झालेला आहे. तरी दर १५ ऑगस्टच्या आसपास तो पुन्हा उगवतो, कारण मोठं नाव दिसलं की आपण पुढचं तपासतच नाही. शिवाय बातमी आपल्याला आवडणारी असते.

पाचवी, ‘मी तुमच्यातलाच’. जुना बूट हिचाच. शेताच्या बांधावर बसून पिठलं-भाकरी खाणारा नेता, मागे कॅमेरावाले चौघे. पिठलं-भाकरी खाण्यात गैर काही नाही, पण त्यावरून त्याचं पाणीवाटपाचं धोरण कळत नाही.

सातवी सोपी आहे म्हणून आधी ती घेतो: ‘सगळे चाललेत, तुम्ही का मागे?’ पूर्वी मिरवणुकीतली बँडची गाडी होती, आता ट्रेंड होणारा हॅशटॅग आणि व्ह्यूजचा आकडा आहे. आकडा विकत घेता येतो, हे मुलांना बहुतेक वेळा आपल्या आधी माहीत असतं.

उरली सहावी आणि माझ्या मते सगळ्यात अवघड: पत्ते लावणं. यात खोटं बोलावंच लागत नाही. समजा एका नगरपालिकेने पोस्ट टाकली की पाच वर्षांत १०० नवे दिवे बसवले. खरं आहे. त्यातले किती लागतात, जुने किती बंद पडले, कुठल्या वॉर्डात एकही नाही, हे पोस्टमध्ये नाही. फॅक्ट-चेक केलं तर उत्तर येईल ‘बरोबर’. इतर युक्त्या मजकुरात दिसतात, ही मजकुरात जे नाही त्यात असते. म्हणून मुलांना ‘हे खरं आहे का?’ एवढाच प्रश्न शिकवून भागत नाही. ‘काय सांगायचं राहिलंय?’ हा दुसरा प्रश्न शिकवायला जास्त वेळ लागतो.

संस्थेची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्या व्याख्येत प्रचार म्हणजे खोटेपणा नव्हता. ठरवलेला हेतू मनात धरून दुसऱ्यांचं मत किंवा वागणं बदलण्याचा जाणूनबुजून केलेला प्रयत्न म्हणजे प्रचार. त्यामुळे पोलिओ डोसाची मोहीमही त्यात बसते. युक्ती सापडली म्हणजे मुद्दा चुकीचा ठरला, असं होत नाही.

मग संस्था बंद का पडली?

संस्थेचं साहित्य लाखो विद्यार्थ्यांपर्यंत पोचत होतं, पण टीकाही वाढत होती. एक आक्षेप असा की मुलं फक्त संशय घ्यायला शिकतात. सगळेच खोटं बोलतात म्हटलं की कोणावर विश्वास ठेवायचा, काय करायचं, हे उरतच नाही. मतदानाला तरी कशाला जा? १९४२ मध्ये विल्यम गार्बर यांनी ‘हे सगळं कशासाठी?’ असाच प्रश्न विचारणारा लेख एका समाजशास्त्राच्या नियतकालिकात लिहिला.

खरा पेच मात्र दुसरा होता. हिटलरच्या प्रचारावर बोट ठेवणं सोपं. पण स्वतःचा देश युद्धात उतरला की स्वतःच्या सरकारचा प्रचारही त्याच फुटपट्टीने मोजायचा का? मोजला तर देशविरोधी ठरणार, नाही मोजला तर संस्थेला अर्थ उरत नाही. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि १९४२च्या सुरुवातीला संस्थेने काम थांबवलं. हा पेच अजून सुटलेला नाही. आजही कुठल्याही शिक्षकाला ‘उदाहरण कोणत्या पक्षाचं घेऊ?’ हा प्रश्न पडतोच.

आज काय दिसतं?

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने १२ राज्यांतल्या विद्यार्थ्यांची ७,८०४ उत्तरं तपासली. माध्यमिक शाळेतल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना ‘प्रायोजित मजकूर’ असं लिहिलेली जाहिरात बातमी वाटली होती. याच गटातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी पुढे इतिहासाचे प्राध्यापक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांना काही वेबसाइट तपासायला दिल्या. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर खाली-खाली वाचत राहिले आणि छान लोगो बघून फसले. फॅक्ट-चेकर मात्र काही सेकंदांत पान सोडून नवीन टॅब उघडायचे आणि ‘हे लोक कोण?’ ते बाहेर शोधायचे. याला ‘आडवं वाचन’ म्हणता येईल.

आपल्याकडे या प्रश्नाला रक्ताचा डाग आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात ‘मुलं पळवणारी टोळी’ या व्हॉट्सअ‍ॅप अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. केरळमधल्या कन्नूर जिल्ह्यात त्याच वर्षी जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने सुमारे १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेण्यात आले.

अशा वर्गांनी खरंच फरक पडतो का? बिहारमधले दोन प्रयोग याचं उत्तर देतात. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन यांनी १,२२४ जणांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं. एकूण परिणाम जवळपास शून्य! उलट सत्ताधारी पक्षाचे समर्थक आपल्या बाजूची खोटी बातमी ओळखण्यात आणखी मागे पडले. नंतरचा प्रयोग मोठा होता. त्यात ५८३ गावांतले १३,५०० हून अधिक विद्यार्थी होते आणि एका तासाऐवजी टप्प्याटप्प्याने अनेक सत्रं झाली. यावेळी फरक दिसला, चार महिन्यांनंतरही टिकला आणि मुलांच्या आई-वडिलांपर्यंतही पोचला. एका व्याख्यानाने काम होत नाही, विषयासारखं शिकवलं तर होतं, असं यावरून दिसतं.

महाराष्ट्रात यासाठी जागा आधीच आहे. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात प्रसारमाध्यमांवर एक धडा आहे आणि माध्यमांतली माहिती तपासून घ्यावी यासाठी त्यात जर्मनीच्या ‘स्टर्न’ साप्ताहिकाचं उदाहरण दिलंय. ‘स्टर्न’ने १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून छापलेल्या डायऱ्या बनावट निघाल्या होत्या. उदाहरण उत्तम आहे. पण परीक्षेत तो दोन-तीन गुणांचा प्रश्न होऊन संपतो.

वर्गात करायचंच असेल तर सात चित्रांचा खेळ अजून चालतो. अट एकच ठेवावी: प्रत्येकाने स्वतःला पटणारी, आवडत्या नेत्याची किंवा आवडत्या खेळाडूची पोस्ट आणायची आणि तिच्यावर खुणा करायच्या. विरोधकाच्या पोस्टवर खुणा करणं कोणालाही जमतं. यामुळे कोणत्या पक्षाचं उदाहरण घ्यायचं हा शिक्षकाचा प्रश्नही बराचसा सुटतो आणि पालकांची तक्रार येण्याची शक्यता कमी होते.

आणि ‘मुलं नुसतं संशय घ्यायला शिकतात’ या जुन्या आक्षेपाचं काय? पुढची पायरी गावातच आहे. केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च पाहता येतो. ‘आमच्या गावाला अमुक लाख आले’ अशी पोस्ट दिसली की नववीतल्या मुलांनी तो आकडा तिथे शोधायचा, मग रस्ता, गटार किंवा अंगणवाडीची खोली प्रत्यक्ष जाऊन पाहायची, फोटो काढायचे. मतदानाला १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. पण ग्रामसभेत विचारायचे तीन प्रश्न कागदावर लिहून आई किंवा आजोबांच्या हातात द्यायला चौदा वर्षं पुरतात.