डिकीतील खर्ज : मोटारीतील मंद्र ध्वनीच्या स्थानाचा इतिहास

मोटारीच्या डिकीत मंद्र स्वरांचा ध्वनिक्षेपक कोठे व कोणत्या दिशेस तोंड करून ठेवावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी संशोधनपत्रिकेत चर्चा करण्याजोगा वाटणार नाही. तो कारागिराचा प्रश्न आहे आणि कारागीर तो आपल्या पद्धतीने सोडवीत आले आहेत. तथापि ज्या ज्ञानाची नोंद कोणीही केलेली नाही असे ज्ञान इतिहासाच्या अभ्यासकाने वगळावे, असे म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे, की ध्वनिक्षेपकात झालेल्या सुधारणांपेक्षा मोटारीच्या रचनेनेच हे स्थान अधिक ठरविले; आणि या रचनेत पुण्याच्या परिसरातील कारखान्यांचा वाटा मोठा आहे.

प्रश्न उद्भवतो तो रस्त्यावर. स्वारगेटहून निघालेला सातारा रस्ता कात्रज ओलांडून घाटास लागला, की खालच्या गिअरवर चढणाऱ्या इंजिनाची घरघर वाढते. बाह्यवळण मार्गावरील नव्या बोगद्यातून जाताना चाकांचा आवाज भिंतींवरून परत येतो. या आवाजाचा बहुतांश भार मंद्र सप्तकाच्या प्रदेशात पडतो आणि गाण्यातील नेमका तोच प्रदेश त्याखाली झाकला जातो. गायकाचा स्वर ऐकू येतो, झांज ऐकू येते. परंतु डग्गा नाहीसा होतो. शिवाय मानवी कर्ण खालच्या स्वरांविषयी मुळातच मंद आहे. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखविले. २००३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, दर सेकंदास १००० कंपनांचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा भासतो, तेवढाच ५० कंपनांचा स्वर भासावा यासाठी त्यास सुमारे ७८ डेसिबल लागतात. मोटारीत खर्जासाठी स्वतंत्र योजना करावी लागते ती या दोन कारणांमुळे.

१. शब्दांची साक्ष

या विषयातील तीन शब्दांचा विचार प्रथम करणे सोयीचे होईल.

‘डिकी’ हा शब्द इंग्रजी ‘डिकी’वरून आला. घोडागाडीच्या मागील बाजूस नोकरासाठी असलेल्या आसनास हे नाव होते. पुढे दोन आसनी मोटारींच्या मागील भागात उघडमीट करता येणारे जे जादा आसन असे, त्यास ते लागले. ते आसन गेले, तेथे सामानाची जागा आली. नाव मात्र आपल्याकडे टिकले. इंग्लंडात त्या जागेस ‘बूट’ म्हणतात, अमेरिकेत ‘ट्रंक’. आकुर्डीच्या कारखान्यात १९७२ पासून तयार होऊ लागलेल्या चेतक स्कूटरच्या सामानाच्या कप्प्यासही मराठी भाषकाने डिकीच म्हटले. मूळ अर्थ ‘बाहेरची, बैठकीपासून वेगळी जागा’ असा आहे, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

‘खर्ज’ हे ‘षड्ज’ या शब्दाचेच रूप होय. ‘ष’चा उच्चार ‘ख’ होऊन ते सिद्ध झाले. मुळात ते केवळ एका स्वराचे नाव. परंतु तंबोऱ्याच्या मंद्र षड्जाच्या तारेस ते विशेषत्वाने लागू झाले आणि ‘खर्जातला आवाज’ म्हणजे खोल, जाड आवाज असा अर्थ रूढ झाला.

तिसरा शब्द ‘बूफर’. इंग्रजीत कुत्र्याच्या जाड भुंकण्याच्या अनुकरणातून ‘वूफर’ आणि पक्ष्याच्या किलबिलीवरून ‘ट्वीटर’ अशी जोडी बनली. मराठीत शब्दारंभी ‘वू’ हा उच्चार जवळजवळ आढळत नाही. तेथे ‘ब’ आला तो यामुळे असावा. ‘बास’ या शब्दाचे सान्निध्यही त्यास पोषक ठरले असेल. अनुकरणवाचक मूळ अशा रीतीने लुप्त झाले आणि शब्द पूर्णतः आपला झाला.

२. डिकी हीच पेटी

१९३० साली अमेरिकेतील गॅल्विन बंधूंनी मोटोरोला या नावाचा मोटार-रेडिओ विक्रीस आणला. १९३२ साली जर्मनीत ब्लाउपुंक्टने आपला संच काढला. या संचांचे काम शब्द ऐकू यावेत इतकेच होते. राइस व केलॉग यांनी १९२५ साली सिद्ध केलेला हलत्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक उपलब्ध होता. परंतु त्याची एक अडचण मूलभूत होती. ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे सरकला, की पुढील हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. या दोन्ही बाजू एकमेकींस मिळाल्या तर मंद्र स्वर जन्मताच नष्ट होतो. म्हणून पेटी हवी. आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे खर्जासाठी ती फार मोठी हवी. मोटारीत एवढी पेटी कोठून येणार?

याचे उत्तर डिकीने दिले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. हीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने महाराष्ट्रभर ओळखली गेली. तिची डिकी बैठकीपासून वेगळी होती. मागील आसनाच्या पाठीमागे, काचेखाली, जी आडवी फळी असते, तीत भोके पाडून ध्वनिक्षेपक बसविण्याची रीत कॅसेटच्या काळात रूढ झाली. पडद्याची पुढील बाजू बैठकीकडे, मागील बाजू डिकीत. सबंध डिकी ही त्या ध्वनिक्षेपकाची पेटी बनली. येथे ‘स्थान’ शोधावे लागले नाही. मोटारीच्या बांधणीनेच ते नेमून दिले होते.

दरम्यान पेटी लहान होत होती. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी असे दाखविले, की बंद पेटीत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगप्रमाणे उपयोग केला तर लहान पेटीतूनही खर्ज काढता येतो. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये ध्वनिक्षेपकाच्या गुणांवरून पेटीचे घनफळ गणिताने काढण्याची पद्धत घालून दिली. पेटी आता डिकीत मावू लागली. ती डिकीत कोठे ठेवावी, हा प्रश्न येथून पुढे उपस्थित झाला.

३. एक हवा की दोन

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. या गाडीत डिकी वेगळी नव्हती. मागील दार उघडले की बैठकीचीच हवा. पुण्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे उदाहरण मात्र पुढचे आहे. टेल्कोने १९९८ मध्ये इंडिका लोकांसमोर आणली व तिच्याच सांगाड्यावर २००२ मध्ये इंडिगो काढली. दोन्ही पिंपरी-चिंचवडच्या. एकीची डिकी बैठकीशी जोडलेली, दुसरीची आसनाच्या पाठीने व आडव्या फळीने तोडलेली. एकाच घराण्यातील या दोन गाड्यांत एकच पेटी एकाच रीतीने ठेवली असता परिणाम भिन्न का होतो, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे मर्म उलगडते.

काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार दर सेकंदास सुमारे ६९ वेळा कंप पावते. हवेतील ध्वनीची गती सेकंदास सुमारे ३४३ मीटर धरली तर या स्वराची तरंगलांबी जवळजवळ ५ मीटर येते. इंडिका मोटार स्वतः चार मीटरांहून कमी लांबीची! यावरून पहिला निष्कर्ष निघतो : खर्जाच्या बाबतीत पेटीचे तोंड श्रोत्याकडे असणे निरर्थक आहे. एवढा लांब तरंग लहानशा पडद्यातून सर्व दिशांस सारखाच पसरतो. महत्त्व आहे ते पडदा भिंतीपासून किती दूर आहे यास.

पडद्यापासून निघालेला एक तरंग सरळ श्रोत्याकडे जातो. दुसरा मागील दारावर आपटून परततो. पडदा व दार यांतील अंतर तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढे असेल तर परतणारा तरंग अर्ध्या लांबीने मागे पडतो आणि पहिल्यास खोडतो. इंडिगोसारख्या गाडीत पेटी आसनाला लावून ठेवली व पडदा मागील पत्र्यापासून एक मीटर राहिला, तर ढोबळमानाने ८५ कंपनांच्या आसपास ही खोट पडते, म्हणजे खर्जाच्या ऐन प्रदेशात. तीच पेटी मागे सरकवून, तोंड दाराकडे करून, वीतभराहूनही कमी, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर, अंतर ठेवले तर खोट ५७० कंपनांच्या पुढे जाते. तेथे या ध्वनिक्षेपकाचे कामच नसल्याने ती बाधत नाही. ‘पेटी मागे, तोंड मागे’ या रीतीचे शास्त्रीय कारण हे होय. जोडलेल्या डिकीच्या गाडीत ही रीत बहुधा यशस्वी होते.

तोडलेल्या डिकीत मात्र आणखी एक प्रश्न राहतो. डिकीत निर्माण झालेला दाब बैठकीत पोचणार कोठून? आसनाचा फोम त्यास फारसा अडवीत नाही; पत्रा व जाड फळी अडवितात. अशा गाडीत दोन मार्ग उरतात. एक, मागील आसनाची पाठ पाडता येत असेल तर ती वाट मोकळी ठेवणे. दुसरा, पेटीचे तोंड पुढे करून ते आसनामागील उघड्या जागेस घट्ट भिडविणे आणि भोवतालच्या फटी बुजवून डिकीची हवा वेगळी पाडणे. ‘तोंड मागे’ हा नियम येथे उलटतो. नियम वेगळे दिसले तरी तत्त्व एकच : पडद्याची हवा आणि श्रोत्याची हवा यांचा मार्ग सलग असावा.

हवा सलग असली की मोटार स्वतःच साहाय्य करते. समोरील फळ्यापासून मागील दारापर्यंत अडीच मीटर आतील लांबी धरली तर सुमारे ७० कंपनांच्या खाली अर्धा तरंगही आत मावत नाही. मग तरंगांची भाषा संपते आणि सबंध बैठकीतील हवा एकदमच दाबली व सोडली जाते. स्वर जसजसा खाली जाईल तसतसा हा दाब वाढतो. मोठ्या दिवाणखान्यात जो खर्ज महत्प्रयासाने मिळतो तो लहान गाडीत अल्प शक्तीने मिळतो, तो यामुळेच. काच खाली केली की हा लाभ ओसरतो.

४. जागेची अडचण

इतिहास येथे संपत नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरांहून कमी लांबीच्या, लहान इंजिनांच्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क कमी केले. परिणामी इंडिगोची आखूड आवृत्ती २००८ मध्ये निघाली. जे कापले गेले ते मुख्यतः शेपटाकडे, म्हणजे डिकीतच. त्याच २००६ साली पुण्यात नैसर्गिक वायूच्या वाटपासाठी महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडची स्थापना झाली. गाड्यांत वायूची टाकी आली, तीही डिकीत. टाकीच्या गाडीत पेटीस आसनाखाली वा जादा चाकाच्या खळग्यात आश्रय घ्यावा लागला. २०२३ मध्ये पुण्याच्याच आल्ट्रोझ गाडीत टाकीचे दोन भाग करून ते डिकीच्या तळाखाली नेण्यात आले आणि जागा पुन्हा मोकळी झाली. खर्जाचे स्थान कधी करप्रणालीने तर कधी इंधनाने हलविले, हे अभ्यासकांच्या ध्यानात येईल.

५. उच्छ्वास

पेटीचा दुसरा प्रकार छिद्राचा. पेटीस ठराविक लांबीची नळी बसविली की नळीतील हवा पेटीतील हवेवर झुलते आणि खालच्या स्वरांस उठाव मिळतो. थील यांचा १९६१ चा निबंध याच प्रकारच्या पेट्यांविषयी आहे. या नळीचे तोंड दारास अगर सामानास भिडले तर सारे गणित बिघडते. म्हणून अशी पेटी ठेवताना पडद्याप्रमाणेच नळीसमोरही मोकळी जागा राखावी लागते. या नळीस मराठीत सर्वमान्य शब्द नाही.

तो कात्रजपाशी सापडतो. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत भूमिगत नळ बांधण्यात आला. कोंडलेल्या हवेचा दाब मोकळा व्हावा म्हणून त्यावर जागोजागी जी धुराडी उभारली, त्यांस ‘उच्छ्वास’ असे नाव आहे. दोन्ही ठिकाणी क्रिया एकच नाही : तेथे हवा बाहेर जाते, येथे ती झुलते. परंतु बंदिस्त जागेतील हवेस हिशेबाने दिलेली वाट, हा अर्थ दोहोंस समान आहे. नवा शब्द घडविण्यापेक्षा हा जुना शब्द स्वीकारावा, असे सुचवावेसे वाटते.

६. गाडीबाहेरचा श्रोता

‘उत्तम ध्वनी’ कोणासाठी, हा प्रश्न अखेरीस टाळता येत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरविली. परंतु हे मोजमाप ‘अ’ भारांकाने होते आणि त्या भारांकात ५० कंपनांच्या स्वरातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. शांततेतील मंद आवाजाच्या बाबतीत कानाच्या स्वभावास हे धरून आहे. परंतु खर्जाचा जोर वाढला की कानाची ही सूट घटते, यंत्राची तेवढीच राहते. त्यातच पत्रा व काच वरचे स्वर अडवितात, खर्ज सोडतात. त्यामुळे गल्लीतून जाणाऱ्या गाडीने घरांच्या खिडक्या थरथरल्या तरी यंत्रावरील आकडा लहानच दिसू शकतो.

येथे स्थाननिश्चितीचे ज्ञान नागरिकत्वाच्या उपयोगी पडते. हवा सलग ठेवली, पडदा दाराजवळ आणला, फटी बुजविल्या, काचा बंद ठेवल्या, म्हणजे तोच खर्ज पुष्कळ कमी शक्तीत मिळतो आणि गाडीबाहेर जाणारा अंशही त्या प्रमाणात घटतो. ज्याला जागा साधली नाही तो वर्धकाची शक्ती वाढवितो. ती वाढ गल्लीच्या वाट्यास येते.

डिकी, खर्ज, बूफर, पेटी, उच्छ्वास या शब्दांत एका तंत्राचा मराठी इतिहास विखुरलेला आहे. तो कारागिरांच्या बोलण्यात आहे, कागदावर नाही. कॅसेटच्या काळी पद्मिनीच्या फळीस भोके पाडणारे हात आज वृद्ध झाले आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी ही परिभाषा त्यांच्या तोंडून टिपून घेण्याचे मनावर घेतले तर भाषा व इतिहास या दोन्ही विषयांची सेवा घडेल. आणि हे काम फार काळ लांबणीवर टाकण्याजोगे नाही.