ऑस्ट्रेलियांतील कांहीं टोपणनांवें

१७८८ सालीं इंग्लंडनें सिडनीच्या किनाऱ्यावर कैद्यांची वसाहत वसविली. पुढें तेथेंच जन्मलेली जी पिढी वाढीस लागली, तिला 'करन्सी' असें चमत्कारिक नांव पडलें. वसाहतींत इंग्लिश नाण्यांची सदैव टंचाई. व्यवहार चाले तो बहुधा वचनचिठ्ठ्यांवर. या स्थानिक चलनास 'करन्सी' म्हणत, आणि त्याची किंमत अस्सल 'स्टर्लिंग'हून कमी धरीत. तेव्हां विलायतेंत जन्मलेला तो स्टर्लिंग आणि येथें जन्मलेला तो करन्सी, असा हिशेब झाला. पीटर कनिंगहॅम या शल्यवैद्यानें १८२७ सालच्या आपल्या पुस्तकांत ही जोडी नमूद करून ठेविली आहे. कैद्यांच्या पोरांना हलक्या नाण्याच्या पंक्तीस बसविण्याचा हा डाव. पण पोरेंच वस्ताद! त्यांनीं तो शब्द अभिमानानें मिरविला, आणि १८३२ सालीं सिडनींत 'करन्सी लॅड' नांवाचें वर्तमानपत्रच निघालें.

'स्क्वॉटर' शब्दाचें भाग्य याहून नवलाचें. सरकारी जमिनीवर बेकायदा ठाण मांडून शेजाऱ्याचीं गुरें लांबविणारा सुटलेला कैदी, हा त्याचा आरंभींचा अर्थ. १८३६ पासून सरकार वार्षिक दहा पौंडांच्या परवान्यावर दूरचीं कुरणें देऊं लागलें, तेव्हां मेंढ्यांचे प्रतिष्ठित मालकही त्याच नांवानें ओळखले जाऊं लागले. पाहतां पाहतां स्क्वॉटर म्हणजे देशांतला जहागीरदार झाला. ज्या आदिवासींची ती भूमि, त्यांना परवाना देतांना कोणीं विचारलें नाहीं, हें सांगावयास नकोच.

मेलबोर्नच्या रस्त्यांवरील मवाल्यांस १८७० च्या सुमारास 'लॅरिकिन' म्हणूं लागले. त्यांतही पुढें कौतुकाची छटा आली. सोन्याच्या खाणींतला 'डिगर' तर पहिल्या महायुद्धांत सैनिकाचा किताबच ठरला.

परंतु ज्यांच्या हातीं ना वर्तमानपत्र ना सत्ता, त्यांच्या नांवाची गोष्ट निराळी. १८६० सालीं बर्क व विल्स यांच्या शोधमोहिमेकरितां उंट आणि उंटवाले मेलबोर्नला गेले ते कराचीहून. आणि कराची तेव्हां आपल्या मुंबई इलाख्यांतच मोडे. मागाहून असे पुष्कळ लोक गेले. वाळवंटांतून लोकर, धान्य आणि बांधकामाचें सामान यांची ने-आण त्यांनींच केली. त्यांत पठाण होते, बलुची होते, पंजाबी व सिंधी होते. कित्येक तर ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रजाजन. पण तेथील गोऱ्यांनीं सरसकट सर्वांना 'अफगाण' म्हटलें, आणि तेंही तोडून 'गॅन' केलें. मारीसारख्या गांवांत रुळांच्या एका बाजूस गोरे राहत, दुसऱ्या बाजूस 'गॅनटाउन'. १९०१ च्या कायद्यानें युरोपीय भाषेंतील श्रुतलेखनाची परीक्षा पुढें करून नव्या आशियाई माणसास अडविलें. १९०३ च्या कायद्यानें आशियांत जन्मलेल्यांस नागरिकत्वाचें दार बंद केलें. मोटारी आल्यावर उंटही नकोसे झाले, आणि १९२५ सालीं दक्षिण ऑस्ट्रेलियानें त्यांच्या संहाराचा कायदा केला.

१९२९ सालीं रेल्वे ॲलिस स्प्रिंग्जला पोंचली. त्या गाडीचें लोकांच्या तोंडीं रुळलेलें नांव 'द गॅन'. २००४ पासून ती ॲडिलेडहून थेट डार्विनपर्यंत जाते, आणि तिच्यावर उंटस्वाराचें चित्र रंगविलेलें असतें.