छायाप्रक्षेपण मापन
मोजावयाच्या वस्तूच्या मागे नियंत्रित प्रकाशाचा उगम ठेवून, समोर मिळणाऱ्या तिच्या छायाकृतीच्या कडांवरून लांबी, व्यास, कोन व आकार यांचे मापन करण्याची पद्धत. छायाकृती पडद्यावर पाडता येते, छायाचित्रण-काचेवर टिपता येते किंवा इलेक्ट्रॉनीय कॅमेऱ्याने घेऊन संगणकाकडे सोपविता येते. तिन्ही प्रकारांत मूळ प्रश्न एकच असतो : वस्तूची कडा नेमकी कोठे आहे? समोरून प्रकाश टाकल्यास धातूची चकाकी, पृष्ठाचा रंग व कडेची गोलाई यांमुळे या प्रश्नाचे उत्तर प्रकाशाच्या दिशेनुसार बदलते. प्रकाश मागून आल्यास पृष्ठाचे तपशील लोपतात आणि उजेड व अंधार यांमधील सीमारेषा तेवढी उरते. ही सीमारेषा विश्वसनीय करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचाच इतिहास म्हणजे या पद्धतीचा इतिहास होय.

मागून येणाऱ्या प्रकाशाचा शास्त्रीय उपयोग एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. आउगुस्ट ट्यॉप्लर यांनी पारदर्शक माध्यमातील घनतेचे फरक दृश्य करणारी पद्धत १८६४ मध्ये मांडली. तिच्या आधारे एर्न्स्ट माख व पेटर झाल्खर यांनी १८८६ मध्ये ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या गोळीची छायाचित्रे घेतली. येथे विजेची क्षणिक ठिणगी हाच प्रकाशाचा उगम होता. गोळीपुढील आघात-तरंगाचा कोन छायाचित्रावर मोजता येई व त्यावरून वेगाचे गणित मांडता येई. चित्र हे केवळ पाहण्याचे नव्हे, तर मोजण्याचेही साधन होऊ शकते, हे यातून स्पष्ट झाले. पुढे आउगुस्ट क्योलर यांनी १८९३ मध्ये सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रणासाठी सर्वत्र सारखा प्रकाश देणारी मांडणी सुचविली.

कारखानदारीत या पद्धतीला चालना मिळाली ती स्क्रूच्या आट्यांमुळे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५° कोनाचे, तर अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६०° कोनाचे प्रमाण आटे सुचविले. तथापि व्यवहारात एकवाक्यता नव्हती. फेब्रुवारी १९०४ मध्ये बॉल्टिमोर शहरात मोठी आग लागली, तेव्हा इतर शहरांतून मदतीस आलेल्या बंबांच्या नळ्यांची जोडणी तेथील पाण्याच्या तोट्यांवर बसेना. या आगीत १,५०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. आट्यांचे प्रमाणीकरण हा केवळ कारखान्याच्या सोयीचा प्रश्न नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

प्रमाण ठरविणे आणि प्रत्येक नग त्या प्रमाणात आहे की नाही हे पडताळणे, या मात्र दोन वेगळ्या गोष्टी होत. आट्याचा व्यास, दोन आट्यांमधील अंतर व बाजूंचा कोन या तिन्हींच्या चुका एकमेकींत मिसळतात. नट किंवा गेज बसत नाही एवढे हाताला कळते. कारण कळत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत युद्धसाहित्याच्या गेजांची तपासणी मोठ्या प्रमाणावर करावी लागली व आट्यांची छाया वाढवून पाहणारी प्रक्षेपणयंत्रे वापरात आली. अमेरिकेत १९१८ मध्ये राष्ट्रीय स्क्रू-आटे आयोग नेमण्यात आला. त्याचे एक सदस्य जेम्स हार्टनेस (१८६१–१९३४) हे व्हरमाँट राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील जोन्स अँड लॅम्सन या लेथ बनविणाऱ्या कंपनीचे प्रमुख होते. दुर्बिणींचा त्यांना छंद होता. ध्रुवप्रदेशाचे समन्वेषक व दुर्बिणी बनविण्यात निष्णात असलेले रसेल डब्ल्यू. पोर्टर (१८७१–१९४९) हे १९१९ मध्ये त्यांच्याकडे आले. या दोघांनी सिद्ध केलेला आट्यांचा प्रकाशीय तुलनामापक १९२० नंतरच्या दशकात बाजारात आला.

या यंत्रात दिव्याचा प्रकाश भिंगाने समांतर करून स्क्रूवर मागून टाकतात आणि छाया मोठी करून पडद्यावर पाडतात. पडद्यावरील आलेखात सह्य मर्यादेच्या रेषा आखलेल्या असतात; छायेची कडा त्यांच्या आत राहिली, तर नग स्वीकारावयाचा. विवर्धन १०० पट असल्यास ०·०१ मिमी. चा फरक पडद्यावर १ मिमी. एवढा दिसतो. त्यामुळे चूक कोणत्या जागी व कोणत्या प्रकारची आहे, हे कामगारास डोळ्यांनी दिसू लागले. भारतातही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हे यंत्र प्रोफाइल प्रोजेक्टर या नावाने परिचित आहे.

साध्या भिंगाचा एक दोष मात्र राहतो. वस्तू भिंगाच्या जवळ आली की, तिची प्रतिमा मोठी होते. वस्तू ३०० मिमी. अंतरावर असता ती १ मिमी. पुढे सरकली, तर ३० मिमी. लांबीत सु. ०·१ मिमी. ची चूक होते. एर्न्स्ट आबे (१८४०–१९०५) यांनी मांडलेल्या टेलिसेंट्रिक रचनेत भिंगामागील केंद्रप्रतलात लहान छिद्र ठेवून अक्षाला जवळजवळ समांतर असलेलेच किरण स्वीकारतात. परिणामी ठराविक मर्यादेत अंतर बदलले, तरी प्रतिमेचा आकार बदलत नाही.

विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विद्युत् भार-युग्मित प्रयुक्तीची कल्पना मांडली. तिच्यामुळे पुढे मानवी डोळ्याची जागा कॅमेऱ्याने घेतली. उजेडाकडून अंधाराकडे जाताना तीव्रता अनेक प्रतिमाघटकांवर क्रमाने उतरते. या उताराचा मध्य गणिताने काढून कडेचे स्थान एका प्रतिमाघटकाच्या अंशापर्यंत ठरविता येते. परंतु पार्श्वभूमी अतितेजस्वी होऊन संवेदक संपृक्त झाला, तर हा मध्य चुकतो व वस्तू लहान भासते. म्हणून उगमाची तीव्रता स्थिर राखणे हे भिंगाइतकेच महत्त्वाचे ठरते. तापणाऱ्या तंतुदीपांच्या जागी प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थे आल्यावर हे काम सुकर झाले. आखूड तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाने विवर्तनामुळे येणारी कडेची अस्पष्टताही कमी होते.

प्रकाशाची दिशाही तितकीच निर्णायक असते. रुंद, विसरित प्रकाश वापरल्यास तिरपे किरण गुळगुळीत दंडगोलाच्या बाजूंवरून परावर्तित होऊन कॅमेऱ्यात शिरतात आणि दंडगोल बारीक दिसतो. पातळ पत्र्याच्या बाबतीत हा दोष नगण्य असतो. यामुळे सपाट काचपट्टीवर अचूक ठरलेली मांडणी गोल दंडाच्या बाबतीत फसू शकते. मागील प्रकाश समांतर करणे, त्याचे क्षेत्र आवश्यक तेवढेच ठेवणे आणि पडताळणीसाठी मोजावयाच्या वस्तूसारख्याच आकाराचा प्रमाणित नग वापरणे, हे यावरील उपाय होत.

छायेत फक्त बाह्यरेषा दिसते. आंधळी छिद्रे, खाचांची खोली व पृष्ठाचा खडबडीतपणा तिच्यातून कळत नाही. ही मर्यादा पडद्याच्या काळी होती, तशीच संगणकाच्या काळीही आहे. गणनाचा वेग अनेक पटींनी वाढला, तरी चुकीच्या प्रकाशामुळे सरकलेली कडा गणनाने आपोआप जागेवर येत नाही. मापनाची अचूकता प्रतिमा घेतल्यानंतर नव्हे, तर दिवा, वस्तू व भिंग यांच्या मांडणीतच प्रथम ठरते.