न दिसणाऱ्या दुखण्याचा दर

अमेरिकेतल्या यादवी युद्धात मज्जातंतूंना इजा झालेले सैनिक फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन इस्पितळात मुद्दाम एकत्र आणले गेले. सायलस वीअर मिचेल, जॉर्ज मोरहाउस आणि विल्यम कीन या डॉक्टरांनी त्यांच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि १८६४ साली, युद्ध चालू असतानाच, गोळीमुळे होणाऱ्या मज्जातंतूंच्या इजांवर पुस्तक काढले. जखम भरून आलेली, हाड शाबूत, तरी हातापायाची आग आग होते आहे. ओला फडका बाजूला झाला की माणूस तळमळतो, कुणी बुटात पाणी ओतून घेतो, वर्तमानपत्राची फडफडसुद्धा सोसवत नाही, असे हे रुग्ण. या दुखण्याला पुढे कॉझाल्जिया हे नाव मिळाले. जखम बरी झाल्यावरही वेदना उरते आणि माणसाला निकामी करते, हे वैद्यकाने तेव्हाच लिहून ठेवले. निवृत्त सैनिकांच्या अपंगत्वाच्या दाव्यांत वेदना हे स्वतंत्र अपंगत्व ठरू शकते, असे तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने म्हटले ते २०१८ मध्ये. या दीडशे वर्षांच्या विलंबाचे खापर सहसा वैद्यकाच्या अज्ञानावर नाहीतर लबाड दावेदारांवर फुटते. माझ्या मते मोठा वाटा पेन्शनच्या तक्त्याचा आणि बंद ठेवलेल्या कोर्टाच्या दाराचा आहे.

तक्त्याची सुरुवात साधी होती. १८६२ च्या कायद्याने पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर ठरवले. १८६४ मध्ये दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेलेल्याला २५ डॉलर आणि १८६६ मध्ये एक हात किंवा एक पाय गेलेल्याला १५ डॉलर असे दर आले. पुढे १८ डॉलरची पायरी प्रमाण धरून अपंगत्व अठरांशात मोजण्याची रीत पडली. तपासणारा सर्जन कागदावर सहा अठरांश, आठ अठरांश असा आकडा टाकी. तुटलेल्या हाताला हे माप लागू पडते. कमरेतून निघून मांडीच्या मागून पोटरीत उतरणाऱ्या कळेला ते कसे लावणार? छावणीतल्या ओल्या जमिनीवर झोपून, ओझी वाहून ज्यांची पाठ गेली त्यांची दुखणी बहुधा संधिवाताच्या खात्यात पडत. अशा कळेचे, म्हणजे सायटिकाचे, एक मोठे कारण मणक्यांमधली सरकलेली चकती आहे, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये मांडले. कारण ठाऊक नसताना दुखण्याचा युद्धाशी संबंध सिद्ध करणे कठीण होते, हे मान्य. पण १९३४ नंतरही चित्र फारसे पालटले नाही, म्हणूनच अज्ञानाचा युक्तिवाद मला अपुरा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वेदना दिसत नाही, म्हणजे तिचे सोंग सहज घेता येते आणि तिजोरी रिकामी होते. याला इतिहासाचा आधार आहे. १८९० च्या कायद्याने युद्धाशी संबंध दाखवण्याची अटच काढली. नव्वद दिवसांची सेवा आणि अंगमेहनतीला असमर्थता एवढे पुरे. १८९३ पर्यंत पेन्शनवाल्यांची संख्या साडेनऊ लाखांवर गेली आणि केंद्र सरकारच्या उत्पन्नातला सुमारे चाळीस टक्के पैसा त्यांच्याकडे वळू लागला. वॉशिंग्टनमध्ये पेन्शन खात्यासाठी १८८७ मध्ये राजवाड्यासारखी इमारत उभी राहिली, तिच्या चारी बाजूंनी भाजक्या मातीतल्या सैनिकांची मिरवणूक कोरलेली. (कारकुनांच्या कचेरीला एवढा थाट क्वचितच लाभला असेल.) या उधळपट्टीविरुद्धचा राग समजण्यासारखा आहे. मात्र संधिवाताने वाकलेल्या म्हाताऱ्यांना त्या काळी पैसे मिळाले ते मतांच्या राजकारणामुळे. त्यांचे दुखणे युद्धाचे आहे असे कुणी मान्य केले नव्हते. वारा फिरला तेव्हा ती उदारता काढून घेणेही सोपे गेले. आणि सोंगाचे म्हणाल, तर ज्या तिघांनी वेदनेचे पुस्तक लिहिले त्यांनीच त्याच वर्षी दुखण्याचे सोंग कसे पकडावे यावरही निबंध लिहिला. संशयिताला ईथर देऊन, शुद्धीवर येताना लुळा म्हटलेला अवयव हलतो का ते पाहायचे. खरी वेदना आणि खोटी वेदना यांत फरक करणे कठीण आहे, अशक्य नाही, हे त्यांना पटले होते. फसवणुकीची भीती दावा नीट तपासण्याचे कारण होऊ शकते. न तपासता नाकारण्याचे नव्हे.

१९३३ मध्ये महामंदीच्या कपातीत सैनिकांच्या सवलती कापल्या गेल्या, दाव्यांवरचा अंतिम निर्णय माजी सैनिकांच्या खात्याचाच राहील असे ठरले आणि त्याच वर्षी खात्यातले अपील मंडळ स्थापन झाले. १९४५ मध्ये नवा तक्ता आला. आजचे नियम त्याच चौकटीवर उभे आहेत. त्यातली सायटिक नर्व्हची नोंद वाचण्यासारखी आहे. पाऊल लुळे पडून लोंबते आणि गुडघ्याखाली हालचाल उरत नाही, तर ८० टक्के. स्नायू ठळकपणे झिजला असेल तर ६०. त्याखाली ४०, २०, १०. इजा केवळ संवेदनेपुरती असेल, तर मध्यम म्हणजे २० टक्क्यांच्या वर जायचे नाही. नर्व्हला दाह आहे पण झीज वगैरे दृश्य बदल नाहीत, अशा वेळी इतर नर्व्हना मध्यमच्या वर जाता येत नाही. सायटिकला मात्र खास सवलत म्हणून ४० पर्यंत मुभा. म्हणजे हे दुखणे इतरांपेक्षा वाईट असते हे नियम करणाऱ्यांना कळत होते, तरीही वरच्या पायऱ्या त्यांनी टेपने मोजता येणाऱ्या पोटरीसाठी राखल्या.

अशा तक्त्यात सगळा वाद मध्यम, मध्यम-तीव्र, तीव्र या विशेषणांवर येऊन ठेपतो, आणि विशेषणांसाठी भांडायला वकील लागतो. १८६४ पासून वकिलाची फी १० डॉलरवर बांधलेली होती, ती थेट १९८८ पर्यंत. गरीब सैनिकाला लुबाडणाऱ्या दलालांना रोखणे हा मूळ हेतू चांगलाच होता. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा उचलून धरली. इथे सरकार प्रतिपक्ष नाही, वकील आले तर सोपी प्रक्रिया किचकट होईल, असा रोख होता. माजी सैनिकांच्या संघटना फुकट मदत करत हेही खरे. पण त्याच खात्याने दावा तपासायचा, त्याच खात्याने अपील ऐकायचे आणि त्यावर न्यायाधीश नाही, या व्यवस्थेत चुकीचा अर्थ दुरुस्त कोण करणार? आपल्याकडे सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ मध्ये आला, तरी त्याआधीही पेन्शन नाकारलेल्या जवानाला उच्च न्यायालयात रिट करता येत होती. अमेरिकन सैनिकाला अपंगत्वाच्या निकालाविरुद्ध कोर्टाची पायरी चढता आली ती १९८८ च्या कायद्यानंतर.

त्यानंतरचा वेग पाहण्यासारखा आहे. १९९० मध्ये या कायद्याने आलेल्या नव्या न्यायालयाने संशयाचा फायदा सैनिकाला देण्याच्या तरतुदीला धार दिली. १९९५ मध्ये, सांधा किती अंश वळतो एवढेच न पाहता दुखण्याने काम किती अडते तेही नोंदवा, असे बजावले. १९९९ मध्ये हेच न्यायालय मागे सरकले आणि निदानाशिवाय नुसती वेदना अपंगत्व नव्हे असे म्हणाले. २०१८ च्या सॉन्डर्स खटल्यात वरच्या फेडरल अपील न्यायालयाने ते मोडले. प्रश्न एका माजी महिला सैनिकाच्या गुडघ्यांचा होता. दुखणे सेवेतूनच आले असण्याचा संभव डॉक्टरला मान्य, कामावर गैरहजेरी वाढते हेही मान्य, पण आत बिघाड सापडत नाही म्हणून मंडळाने नकार दिला होता. कमावण्याची क्षमता घटवणारी वेदना हेच अपंगत्व, असे न्यायालय म्हणाले. या तीन दशकांत वेदनेबद्दल जे निर्णायक ठरले ते नवे औषध किंवा नवे यंत्र नव्हते.

कोर्टे उघडली आणि प्रकरणे तुंबली, ही तक्रार रास्त आहे. वर्षानुवर्षे लोंबकळणाऱ्या अपिलांसाठी २०१७ मध्ये कायदा बदलून २०१९ पासून तीन वाटा कराव्या लागल्या: नव्या पुराव्यासह पुन्हा दावा, वरिष्ठाकडून फेरतपासणी किंवा थेट मंडळ. तरी २०१८ च्या निकालाने सुटला तो पात्रतेचा प्रश्न, टक्क्यांचा नव्हे. तपासणीच्या छापील अर्जावर सततची वेदना, मुंग्या, बधिरपणा यांचे वेगवेगळे रकाने आहेत आणि डॉक्टर त्यात ‘तीव्र’वर खूण करू शकतो. पोटरी झिजलेली नसेल आणि इजा निव्वळ संवेदनेची ठरली, तर तक्ता अजूनही २० टक्क्यांवर थांबतो.