प्रॅक्टिकल नर्स ते रजिस्टर्ड नर्स : अमेरिकेतील एका वाटेचा इतिहास

अमेरिकेत 'नर्स' या एकाच शब्दाखाली कायद्याने दोन निरनिराळ्या स्त्रिया उभ्या केल्या आहेत. एक रजिस्टर्ड नर्स, म्हणजे नोंदणी झालेली पूर्ण परिचारिका. दुसरी लायसेन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या राज्यांत या दुसरीलाच व्होकेशनल नर्स म्हणतात. पहिलीचे शिक्षण दोन ते चार वर्षांचे, दुसरीचे साधारण एका वर्षाचे. दुसरीने पहिलीच्या अथवा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करावयाचे, असा नियम. दोघी एकाच रोग्याच्या उशाशी उभ्या असतात, पण पगार, अधिकार आणि मान यांत अंतर मोठे. हे अंतर कसे पडले आणि ते ओलांडण्याची वाट कोणी पाडली, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम अंतर कसे पडले ते पाहू. 1873 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या धर्तीवर अमेरिकेत शुश्रूषेच्या शाळा निघाल्या. त्या रुग्णालयांच्याच होत्या. विद्यार्थिनी तेथेच राही, दिवसरात्र वॉर्डात राबे, आणि त्या श्रमावर रुग्णालय चाले. शिक्षण हे पुष्कळ अंशी मजुरीचे दुसरे नाव होते, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही. या शाळांतून बाहेर पडलेल्या परिचारिकांनी आपल्या विद्येला कायद्याची मान्यता मागितली आणि 1903 साली नॉर्थ कॅरोलायना राज्याने नोंदणीचा पहिला कायदा केला. पण त्या काळच्या अशा कायद्यांचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. 'रजिस्टर्ड' ही पदवी लावण्याचा हक्क तेवढा राखून ठेवला गेला. पैसे घेऊन आजाऱ्याची सेवा करण्यास इतर कोणालाही बंदी नव्हती.

ही दुसरी सेवा करणाऱ्या बाया होत्याच. घरोघरी जाऊन बाळंतिणीकडे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे, तान्ह्या मुलांकडे पाहणाऱ्या. 1892 च्या सुमारास न्यूयॉर्क परिसरात यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनने अशा स्त्रियांसाठी काही आठवड्यांचा वर्ग काढला. 1907 साली व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो या गावी निघालेल्या शाळेची हकीकत अधिक मनोवेधक आहे. टॉमस टॉमसन नावाच्या एका धनिकाने शिवणकामावर पोट भरणाऱ्या गरीब स्त्रियांच्या हितासाठी मृत्युपत्रात पैसा ठेवला होता, आणि त्यातूनच ही प्रॅक्टिकल नर्सिंगची शाळा उभी राहिली. सुईदोऱ्यावर जगणाऱ्या बाईला रोग्याच्या खोलीत अधिक बरा रोजगार मिळावा, हा हेतू. या वर्गाचे मूळ असे गरजू स्त्रियांत आहे, हे पुढचे सारे समजून घेताना विसरता येत नाही. आपल्याकडे त्याच सुमारास, 1909 साली, रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाचे काम सुरू झाले आणि पुढे तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा प्रश्न सोवळेओवळ्याचाही होता. अमेरिकेत तो मुख्यतः पैशाचा आणि वर्णाचा होता.

न्यूयॉर्क राज्याने 1938 साली दोन्ही वर्गांना परवाना घेण्याची सक्ती करणारा कायदा केला. महायुद्धामुळे त्याची अंमलबजावणी लांबली, पण पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक सर्व राज्यांत प्रॅक्टिकल नर्सला परवाना देण्याची सोय झाली. ज्या बाया वर्षानुवर्षे हे काम करीत आल्या होत्या त्यांना अनुभवाच्या दाखल्यावर परवाने देण्यात आले. म्हणजे एकदा का होईना, कायद्याने अनुभवाला शिक्षणाच्या बरोबरीने बसविले.

युद्धात परिचारिकांचा तुटवडा पडला. 1943 च्या बोल्टन कायद्याने सरकारी खर्चाने कॅडेट नर्स कोअर उभे केले आणि त्यातून 1 लाख 20 हजारांहून अधिक परिचारिका शिकून बाहेर पडल्या. तरीही रुग्णालये वाढत गेली आणि माणसे पुरेनात. तेव्हा 'टीम नर्सिंग' आले. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील एलेनॉर लॅम्बर्टसन यांनी 1953 साली त्याची मांडणी केली. वर एक रजिस्टर्ड नर्स, तिच्या हाताखाली प्रॅक्टिकल नर्स आणि मदतनीस. कागदावर हे नेटके होते. प्रत्यक्षात, विशेषतः रात्रपाळीत, रोग्याजवळ असे ती प्रॅक्टिकल नर्सच. आणि दहा वर्षे असे काम केलेल्या बाईने पूर्ण परिचारिका व्हावयाचे ठरविले, तर तिला शाळेत पहिल्या दिवसापासून बसावे लागे. बिछाना कसा घालावा, ताप कसा मोजावा, इथपासून. शिवाय रुग्णालयांच्या शाळा वसतिगृहाच्या. नवरा, मुलेबाळे असलेल्या बाईला तेथे जागा कुठली?

काळ्या स्त्रियांची अडचण दुहेरी होती. अनेक शाळांचे दरवाजे त्यांना बंद होते, आणि दक्षिणेतील राज्यशाखा त्यांना सभासद करून घेत नसल्यामुळे अमेरिकन नर्सेस असोसिएशनचे दारही लावलेलेच होते. 1908 साली त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. मेबल स्टॉपर्स या बाईंच्या चिकाटीने 1948 साली मोठ्या संघटनेने थेट सभासदत्वाचा मार्ग खुला केला आणि 1951 साली वेगळी संघटना विसर्जित झाली. खालची श्रेणी ही एक बाजूला ठेवण्याची सोयीची जागा होते, ही तक्रार पुढेही बरीच वर्षे ऐकू येत राहिली, आणि ती निराधार नव्हती.

1948 साली एस्थर ल्यूसिल ब्राउन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. बाई स्वतः परिचारिका नव्हत्या, समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. म्हणूनच कदाचित त्यांनी स्पष्ट लिहिले की शुश्रूषेचे शिक्षण रुग्णालयातून काढून महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत न्यावे. तीन वर्षांनी, 1951 साली, टीचर्स कॉलेजातील मिल्ड्रेड माँटॅग यांचा प्रबंध पुस्तकरूपाने निघाला. त्यांची सूचना अशी की, दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत 'नर्सिंग टेक्निशियन' तयार करावेत. 1952 साली थोड्याशा महाविद्यालयांत प्रयोग सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. या दोन वर्षांच्या विद्यार्थिनी रजिस्टर्ड नर्सच्या परवान्याच्या परीक्षेला बसल्या आणि चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाल्या.

येथे इतिहासाने गंमत केली. माँटॅग यांच्या मनात हे शिक्षण स्वतःपुरते पूर्ण होते. पदवीच्या परिचारिकेहून वेगळी अशी तंत्रज्ञ त्यांना घडवावयाची होती. शिडीची एक पायरी बांधण्याचा त्यांचा विचार नव्हता. पण परवाना एकच ठरला आणि सामुदायिक महाविद्यालय पडले घराजवळचे, माफक फीचे, लग्न झालेल्या बाईलाही घेणारे. ज्या प्रॅक्टिकल नर्सला रुग्णालयाच्या शाळेत पाऊल टाकता येत नव्हते, तिला हे दार नेमके मापाचे निघाले. पुढे त्या दारातून लोकांनी शिडी आत नेली.

शिडीची मागणी साठीच्या दशकात जोरात झाली. 1970 साली नॅशनल लीग फॉर नर्सिंगने 'खुल्या अभ्यासक्रमा'ला पाठिंबा दिला. म्हणजे आधी जे शिकले आहे ते परीक्षेने सिद्ध करावे आणि तेवढी सत्रे वगळावीत. न्यूयॉर्क राज्याने तर सत्तरच्या दशकात वर्गात न बसता परीक्षांनीच नर्सिंगची दोन वर्षांची पदवी मिळण्याची सोय केली. मात्र प्रत्यक्ष रोग्याजवळ कसोटी द्यावी लागे. कामगार संघटनांनीही हात दिला. न्यूयॉर्कमधील रुग्णालय कामगारांच्या 1199 या संघटनेने 1969 साली मालकांशी करार करून शिक्षणाचा निधी मिळविला, आणि त्यातून झाडूपोछा करणारे, मदतनीस, प्रॅक्टिकल नर्स वरच्या परवान्यापर्यंत पोचू लागले. दानधर्मापेक्षा वाटाघाटीने मिळालेली ही वाट मला अधिक भक्कम वाटते.

आता कोणी विचारील, इतकी वर्षे काम केलेल्या बाईला आणखी शिकावयाचे असते तरी काय? शरीरशास्त्र, सूक्ष्मजंतुशास्त्र, मानसशास्त्र आणि भाषा हे विषय आधी पुरे करावे लागतात. पण खरा फरक निर्णयाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर रोग्याची नाडी जलद चालू लागली आणि रक्तदाब उतरू लागला, तर प्रॅक्टिकल नर्सने ते टिपावे आणि वर कळवावे. रजिस्टर्ड नर्सने आत रक्तस्राव होत असेल काय, आधी काय करावे, डॉक्टरांना केव्हा उठवावे, हे ठरवावे आणि मग केलेल्या उपायांचा परिणाम पाहावा. अनुभवी प्रॅक्टिकल नर्सला हे पुष्कळदा कळतच असते. तिला ते बोलण्याचा अधिकार नसतो एवढेच. उलट, 'आमच्या वॉर्डात असेच करतात' ही सवय परीक्षेत आडवी येते. म्हणून या जोडअभ्यासक्रमांत भूमिकाबदलाचा एक स्वतंत्र भाग घातलेला असतो.

आपल्याकडेही सहायक परिचारिका-प्रसाविकेला पुढे जनरल नर्सिंगला जाता येते आणि तेथून पोस्ट बेसिक पदवीला; म्हणजे शिडी आहे, पण पुष्कळशी पायरी पुन्हा पहिल्यापासून चढण्याची.

अमेरिकेत ही शिडी उभी होत असताना दुसरीकडे तिचे वरचे टोक उंच होत होते. 1965 साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने जाहीर केले की खरी व्यावसायिक परिचारिका चार वर्षांच्या पदवीचीच असावी. रुग्णालयांच्या जुन्या शाळा झपाट्याने मिटल्या. नॉर्थ डकोटा या एकाच राज्याने ऐंशीच्या दशकात हे प्रत्यक्षात आणले: रजिस्टर्ड नर्सला चार वर्षांची पदवी आणि प्रॅक्टिकल नर्सला दोन वर्षांची. 2003 साली ते मागे घ्यावे लागले. 2010 साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सुचविले की 2020 पर्यंत शंभरांतील ऐंशी परिचारिका पदवीधर व्हाव्यात.

पुढे 2017 साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला: दोन वर्षांच्या शिक्षणावर रजिस्टर्ड नर्स होता येईल, पण परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत चार वर्षांची पदवी पुरी केली पाहिजे. प्रॅक्टिकल नर्समधून कष्टाने वर आलेल्या बाईपुढे आणखी एक जिना आला. मात्र त्या वेळी ज्यांच्या हाती परवाना होता त्यांना, आणि जे शिक्षण घेत होते त्यांनाही, या अटीतून सूट देण्यात आली.