प्लॅटिनमचे पैलू

विल्यम ग्रोव्हने 1842 साली हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज देणारी बॅटरी मांडली, तेव्हा प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर त्याने त्याच धातूचा सच्छिद्र थर चढवला होता. वायू, आम्ल आणि धातू जिथे एकत्र येतात ती जागा वाढवायला हवी, हे त्याने ओळखले होते. अशा बॅटरीचा, म्हणजे इंधनघटाचा, इतिहास एरवी जेमिनी, अपोलो ही अवकाशयाने आणि मोटारी यांचा म्हणून सांगतात. खरे तर तो धातूच्या पृष्ठभागाचा इतिहास आहे. अवकाशयानाला प्लॅटिनमची किंमत परवडली, मोटारीला परवडणार नव्हती. म्हणून 1980च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दर चौरस सेंटिमीटरचे सुमारे 4 मिलिग्रॅम प्लॅटिनम 0.4 मिलिग्रॅमवर आणले.

मग कण आणखी बारीक करत गेले की झाले, असे कोणी म्हणेल. पण कण दोन-तीन नॅनोमीटरांच्याही खाली गेला की कडा-कोपऱ्यांवरचे अणू वाढतात, ऑक्सिजनला घट्ट धरून बसतात आणि इंधनघटातली क्रिया मंदावते. म्हणजे पृष्ठभाग किती याइतकेच तो कसा रचलेला आहे हेही मोलाचे. 1996 साली रसायनज्ञ एल-सईद यांच्या गटाने प्लॅटिनमचे घनाकृती आणि चतुष्फलक नॅनोकण घडवून आकार हाती ठेवता येतो हे दाखवले. 2007 साली स्टामेन्कोविच, मार्कोविच आणि सहकाऱ्यांनी तीन भाग प्लॅटिनम, एक भाग निकेल अशा स्फटिकाची एक विशिष्ट बाजू तपासली. शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच बाजूपेक्षा ती दहापट क्रियाशील निघाली. वरच्या थरात प्लॅटिनम, लगेच खाली निकेल जास्त असलेला थर. त्या शेजारामुळे प्लॅटिनमची ऑक्सिजनयुक्त रेणूंवरची पकड सैल होते. अष्टफलकाच्या आठही बाजू नेमक्या याच रचनेच्या असतात, म्हणून अष्टफलक कण घडवण्याची धडपड सुरू झाली.

खरा आक्षेप पुढचा आहे: हा आकार टिकत नाही. 2013 साली पीटर श्ट्रासर यांच्या गटाला दिसले की अष्टफलकात निकेल बाजूंवर आणि प्लॅटिनम कडांवर गोळा होते. आम्लात निकेल विरघळते, बाजू खचतात. 2014 साली आलेल्या टोयोटा मिराईतही प्लॅटिनम-कोबाल्टचे मिश्रण होते, निकेलचे अष्टफलक नव्हते. आक्षेप रास्त आहे, पण तो मूळ मुद्दा खोडत नाही. कोबाल्टही प्लॅटिनमची पकड सैल करूनच काम करतो, आणि अष्टफलक का ढासळतो याचे उत्तरही कोणता अणू कुठे बसला यातच मिळाले. 2015 साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी प्लॅटिनम-निकेल अष्टफलकांच्या पृष्ठभागावर थोडे मॉलिब्डेनम पेरले, तेव्हा विद्युतदाबाच्या 8000 आवर्तनांनंतरही त्या अष्टफलकांची क्रियाशीलता जेमतेम साडेपाच टक्क्यांनी घटली. ही चाचणी प्रयोगशाळेतल्या आम्लातली होती. मोटारीतल्या इंधनघटाची परीक्षा याहून कठीण असते.